शर्यतीचा बैल : हौसेचा हिशेब आणि उतारवयाचा खर्च

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत शेतीची बहुतेक कामे आता ट्रॅक्टरने होतात. तरीही अनेक वस्त्यांवर ट्रॅक्टरशेजारीच एक नीटनेटका गोठा दिसतो आणि त्यात एखादा पांढराशुभ्र, उंचापुरा खिलार बैल बांधलेला असतो. तो नांगर ओढत नाही, मोट तर इतिहासजमा झाली आहे, आणि उसाची वाहतूकही तो करत नाही. वर्षातून काही दिवस, प्रत्येक वेळी अवघे काही सेकंद धावणे एवढेच त्याचे काम असते. उरलेला सर्व काळ त्याची उठबस घरातील माणसांकडून होत असते.

शहरातील हौशी माणूस जुनी स्पोर्ट्स कार बाळगतो तेव्हा त्याला जो प्रश्न विचारला जातो, तोच प्रश्न या बैलाच्या मालकालाही विचारला जातो. हे परवडते का? मोटारीच्या बाबतीत सुट्या भागांचा, मेकॅनिकचा आणि विम्याचा हिशेब करता येतो. बैलाच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण ही मालमत्ता जिवंत आहे, तिचे वय वाढते आणि तिला बंद करून ठेवता येत नाही. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिल्यानंतर तरुण मालकांसमोर हा हिशेब नव्याने उभा राहिला आहे.

औतापासून घाटापर्यंत

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे या दोन तालुक्यांचे अर्थकारण बदलले. ऊस, द्राक्षे, कांदा, बटाटा आणि टोमॅटो ही पिके आली. नारायणगाव आणि मंचर या मोठ्या बाजारपेठा झाल्या. पैसा आला तसे यंत्रही आले आणि औताच्या बैलजोडीची गरज कमी होत गेली. पश्चिमेकडील डोंगराळ भातपट्ट्यात बैलाचे काम अधिक काळ टिकले. पूर्वेकडील बागायती गावांत मात्र बैल हा गरजेचा राहिला नाही. जी वस्तू गरजेची राहत नाही ती एकतर नाहीशी होते किंवा प्रतिष्ठेची होते. येथे बैलाचे दुसरे झाले.

यामागे परंपरेचा आधार होता. आंबेगाव तालुक्यातील नागापूर येथील थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा नवसाच्या बैलगाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्नर तालुक्यातील वडज आणि शेजारच्या खेड तालुक्यातील निमगाव येथील खंडोबाच्या यात्रांशीही बैलगाड्यांचे नाते जुने आहे. चैत्र-वैशाखात गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. देवाचा अभिषेक, पालखी, कुस्त्यांचा आखाडा, नारायणगावहून ठरवून आणलेला तमाशा आणि बैलगाडे हा त्यांचा ठरलेला क्रम. बैलपोळाही या परिसरात श्रावणात न होता भाद्रपदाच्या अमावास्येला साजरा होतो.

सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर छकडे शेजारी-शेजारी पळतात. उत्तर पुणे जिल्ह्यातील पद्धत निराळी आहे. येथे चढाची, दोन्ही बाजूंनी बांधलेली धावपट्टी असते. तिला ‘घाट’ म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला पुढे ‘जुकाटा’ला दोन आणि मागे ‘धुरी’ला दोन असे चार बैल जुंपलेले असतात. अनेक ठिकाणी त्यांच्या पुढे घोडीस्वार धावतो. निशाण पडल्यापासून घाटमाथा गाठेपर्यंतची वेळ घड्याळावर मोजली जाते. ही एक ‘बारी’. ती साधारण दहा-पंधरा सेकंदांत संपते. दिवसातील सर्वांत वेगवान गाड्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. या मानासाठीच वर्षभराचा सारा खटाटोप असतो.

दाताचा भाव

शर्यतीचा बैल म्हणजे प्रामुख्याने खिलार. सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात विकसित झालेली ही जात चपळ, काटक आणि काहीशी तापट. लांब, मागे जाऊन वर वळलेली शिंगे, निमुळते तोंड, घट्ट बांधा आणि कठीण खूर ही तिची लक्षणे. खरसुंडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला येथील जनावरांच्या बाजारांतून खोंडे उत्तरेकडे येतात. जुन्नर तालुक्यात बेल्हे आणि खेड तालुक्यात चाकण येथील बैलबाजार प्रसिद्ध आहेत. नावाजलेल्या बैलांचे व्यवहार मात्र बहुधा बाजारात न होता थेट गोठ्यावरच होतात.

बैलाचे वय दातांवरून ठरते. कायमचे दात न आलेला तो ‘आदत’. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन कायमचे दात येतात तेव्हा तो दोनदाती, पुढे चारदाती, सहादाती आणि साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही दात आले की ‘जुळलेला’. ग्राहक बैलाचे तोंड उघडून पाहतो ते मोटारीच्या नोंदणीपुस्तकावरील वर्ष पाहण्यासारखेच असते. दात जुळल्यानंतर वयाचा अंदाज दातांच्या झिजेवरून करावा लागतो आणि तेथे फसवणुकीला जागा राहते.

किंमत कशी ठरते हा मात्र निराळाच प्रकार आहे. औताच्या बैलाची किंमत त्याच्या कामावर ठरते. शर्यतीच्या बैलाची किंमत त्याच्या नावावर ठरते आणि ती काही लाखांपासून कितीही वर जाऊ शकते. या दोन मोजमापांतील अंतर २०२२ मध्ये ठळकपणे दिसले. त्या वर्षी लम्पी चर्मरोगाची साथ आली आणि राज्य सरकारने दगावलेल्या जनावरांसाठी मदत जाहीर केली. गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये असा दर होता. घाटात नाव कमावलेला, लाखोंचा भाव सांगितला जाणारा बैल सरकारी मोजमापात २५ हजारांचाच होता. वरची सारी रक्कम म्हणजे हौशी माणसांनी परस्परांत मान्य केलेले मोल. ते हौस टिकेपर्यंत टिकते.

रोजचा खर्च

सुमारे ४०० किलो वजनाच्या बैलाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे दररोज आठ ते दहा किलो शुष्क पदार्थ लागतो. हिरवी वैरण, कडबा आणि खुराक मिळून तो भागवला जातो. शर्यतीच्या बैलाचा खुराक भारी असतो. गहू, हरभरा आणि उडदाचा भरडा, पेंड, शिवाय दूध आणि अंडीही दिली जातात. यात अतिरेक झाला तर फायद्याऐवजी अपायच होतो. बैल हा रवंथ करणारा प्राणी आहे. धान्य एकदम वाढवल्यास त्याच्या पोटातील आम्लता वाढते, रवंथ बंद पडते, खुरांना सूज येते आणि प्रसंगी जीवही जातो.

खाण्याखेरीज इतर बाबी आहेत. रोजची फेरी, नदीत किंवा तळ्यात पोहणी, खरारा, खुरांना पत्री मारणे आणि घाटापर्यंत नेण्यासाठी टेम्पोचे भाडे. लाळ्या-खुरकूत रोगाची लस सरकारी मोहिमेत मोफत मिळते. तरी घटसर्प, फऱ्या यांसाठी पावसाळ्यापूर्वीची दक्षता घ्यावी लागते. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक खर्च आहे, तो बिबट्याचा. येथे बिबट्यांचा वावर इतका आहे की माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावे लागते. त्यामुळे किमती जनावराचा गोठा जाळी आणि दारे लावून बंदिस्त करणे भाग पडते.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. त्यातील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक गोठ्यावर ते बदलतील. तीन वर्षे वयाचा एक होतकरू बैल तीन लाख रुपयांना घेतला असे धरू. खाण्याचा खर्च दिवसाला ३०० रुपये धरला तर वर्षाला १ लाख ९ हजार ५०० रुपये होतात. वाहतूक, औषधोपचार आणि सांभाळणाऱ्या माणसाचा वाटा मिळून वर्षाला आणखी ४० हजार धरल्यास ही रक्कम १ लाख ४९ हजार ५०० रुपयांवर जाते. बैल वयाच्या नवव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षे घाटात पळाला असे मानल्यास खरेदीची किंमत वर्षाला ५० हजार पडते. म्हणजे पळत्या वयातील एका वर्षाचा खर्च सुमारे दोन लाख रुपये.

बक्षिसाची बाजू

आता जमेची बाजू. एका हंगामात गाडा वीस यात्रांत पळाला असे मानले, तर दोन लाख भरून निघण्यासाठी प्रत्येक यात्रेत बैलामागे सुमारे दहा हजार रुपये मिळायला हवेत. गाड्याला बैल चार असतात आणि ते अनेकदा वेगवेगळ्या मालकांचे असतात. म्हणजे गाड्याने प्रत्येक यात्रेत, एकदाही न हरता, सुमारे ४० हजार रुपये जिंकायला हवेत. अनेक यात्रांत ठरावीक सेकंदांच्या आत घाट पार करणारे सर्व गाडे पहिल्या क्रमांकात धरले जातात आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटली जाते. पहिला क्रमांक मिळूनही हाती थोडकी रक्कम येते, ती यामुळेच.

मोठी बक्षिसे नाहीत असे नाही. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे मे २०२२ मध्ये झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, चारचाकी आणि दुचाकी वाहने बक्षीस म्हणून ठेवण्यात आली होती. अशा शर्यतींच्या बातम्या दूरवर जातात आणि बैलांचे भाव वाढवतात. परंतु तेथे राज्यभरातील शेकडो गाडे उतरतात आणि वाहन मोजक्यांनाच मिळते. मोजक्यांच्या भाग्यावर बाकीच्यांनी आपला हिशेब मांडणे धोक्याचे असते.

उत्पन्नाचे दुसरे साधन म्हणजे बैलाची विक्री. आदत खोंड स्वस्तात घेऊन त्याला घडवणारा आणि नाव झाल्यावर विकून टाकणारा मालक कधीकधी खरोखरच नफ्यात राहतो. मात्र हा नफा म्हणजे पुढील मालकाने उचललेला खर्च असतो. चढत्या भावात घेणाऱ्याने बैलाचे नाव विकत घेतलेले असते, आणि नाव शेवटच्या काही बाऱ्यांवर अवलंबून असते. एखाद्या पायाला मुरड बसली, एखाद्या हंगामात बैल बुजला, तरी भाव निम्म्यावर येतो. तिसरे साधन पैदाशीचे. खच्ची न केलेल्या, जातिवंत बैलाला गायींसाठी मागणी असते, पण त्यातून मिळणारी रक्कम खुराकाच्या खर्चापुढे मामुली ठरते.

यात आणखी एक बाब धरली जात नाही. ज्या वैरणीवर हा बैल पोसला जातो तिच्यावर एक दुभती संकरित गायही पोसली गेली असती. या दोन्ही तालुक्यांत दूध हे घरखर्च चालवणारे उत्पन्न आहे. बैलाच्या दावणीची खरी किंमत काढताना हे न मिळालेले दूधही मोजावे लागते. ते मोजण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. शेणगोठा, वैरणपाणी आणि भरडा यांचा बराचसा भार त्यांच्याकडे असतो. घाटातील गुलाल मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

कायद्याचा चढउतार

या हौसेत एक जोखीम अशी आहे की जिचा अंदाज बैलाचे दात पाहून करता येत नाही. ती कायद्याची. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, खेळांसाठी वापरण्यास आणि प्रशिक्षण देण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्यापूर्वी त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड अशी जनावरे होती. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही आणि धावण्यास भाग पाडण्यासाठी त्याला वेदना दिल्या जातात, हा त्या निकालाचा गाभा होता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सवलत देणारी अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने तिला लगेच स्थगिती दिली. २०१७ मध्ये तमिळनाडूतील आंदोलनानंतर तेथे कायदा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मज्जाव केला. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांचे कायदे वैध ठरवले.

२०१४ च्या निकालापासून २०२१ च्या परवानगीपर्यंत साडेसात वर्षे गेली. या आकड्याचा अर्थ बैलाच्या आयुष्याशी ताडून पाहिला पाहिजे. २०१४ मध्ये जो बैल तीन वर्षांचा, नुकताच घाटात उतरलेला होता, तो परवानगी मिळाली तेव्हा दहाच्या पुढे गेला होता. त्याचे पळते वय गोठ्यातच सरले. त्याचा खुराक मात्र एक दिवसही चुकला नाही. बंदीच्या काळात अनेकांनी दावणी मोडल्या आणि खोंडे जोपासणाऱ्या दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्यांनाही त्याची झळ बसली. जे थांबले त्यांपैकी काहींनी चोरून शर्यती भरवल्या आणि गुन्हे ओढवून घेतले. त्यापाठोपाठ २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार आणि शर्यती पुन्हा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. एका दशकात दोनदा अशी वेळ आली, हे नव्याने बैल घेणाऱ्याने विसरू नये.

आजची परवानगीही मोकळी नाही. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बैलांसाठी पशुवैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरण्यास मनाई आहे. नियमभंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घटनापीठाने कायदा वैध ठरवताना या नियमांची काटेकोर अंमलबजावणी अपेक्षिली आहे. शर्यतींना आजही विरोध असणाऱ्या प्राणिमित्र संस्थांचे म्हणणे असे, की नियम कागदावर राहतात. या आक्षेपाला उत्तर न्यायालयात देऊन झाले असले, तरी घाटात ते प्रत्येक बारीला द्यावे लागणार आहे. एखाद्या गाड्याने बैलाला टोचले तर त्याचा भुर्दंड उद्या सर्वच गाडामालकांना भरावा लागू शकतो.

मोटार आणि बैल

जुन्या मोटारीशी तुलना येथे उपयोगी पडते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची नोंदणी २० हजार रुपये शुल्कात होते. मात्र अशा वाहनाचा रोजच्या व्यवहारासाठी किंवा व्यवसायासाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. म्हणजे कायद्यानेच मान्य केले की हे वाहन आता साधन नाही, जपण्याची वस्तू आहे.

शर्यतीच्या बैलाचेही तसेच आहे. रोजच्या कामातून तो सुटला आहे आणि वर्षातील मोजक्या दिवसांसाठी, अटी पाळून, घाटात आणला जातो. दोन्ही हौशींत जोपासनेचा खर्च मूळ किमतीला मागे टाकतो. दोन्हींना जाणकार कारागीर लागतात आणि ते दुर्मिळ होत चालले आहेत. तेथे जुनी इंजिने उलगडणारा मेकॅनिक, तर येथे पत्री मारणारा आणि खोंडाला गाड्याची सवय लावणारा माणूस.

साम्य येथे संपते. मोटार जुनी होते तसतसे, ती मूळ स्वरूपात राहिली असेल तर, तिचे मोल वाढू शकते. बैलाचे मोल ठरावीक वयानंतर घटतच जाते. पैसे कमी पडले तर मोटार आच्छादन घालून वर्षभर उभी ठेवता येते. बैलाला एक दिवसही उपाशी ठेवता येत नाही. मोटारीचे आयुष्य संपले की ती भंगारात जाते. बैलाच्या बाबतीत तो मार्ग नाही, आणि या हिशेबातील सर्वांत अवघड रकाना तोच आहे.

उतारवयाचा रकाना

चांगली निगा असलेला बैल पंधरा ते वीस वर्षे जगू शकतो. घाटात पळण्याचे वय मात्र आठ-नऊ वर्षांच्या आसपास संपते. म्हणजे शर्यतीचा बैल जितकी वर्षे पळतो, जवळजवळ तितकीच किंवा अधिक वर्षे तो न पळता जगतो. पूर्वी म्हातारा बैल बाजारात जात असे आणि त्यातून शेतकऱ्याच्या हाती काही रक्कम येत असे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या हत्येवरही बंदी लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी वैध ठरवली. त्यानंतर म्हाताऱ्या बैलाला बाजारात मोल उरले नाही. त्याला कामासाठी घेणारा कोणी नसेल, तर सांभाळणे किंवा गोशाळेत देणे हेच मार्ग उरतात. त्याला मोकाट सोडून देणे हा गुन्हाही आहे आणि कृतघ्नपणाही.

आता वरील उदाहरण पूर्ण करता येईल. नऊ वर्षांचा बैल अठरा वर्षांपर्यंत जगला आणि त्याच्या साध्या वैरणपाण्याचा खर्च दिवसाला १५० रुपये धरला, तर नऊ वर्षांत ४ लाख ९२ हजार ७५० रुपये लागतात. ही रक्कम त्याच्या खरेदीच्या तीन लाखांहून अधिक आहे. पळत्या सहा वर्षांचा खुराक ६ लाख ५७ हजार, इतर खर्च २ लाख ४० हजार आणि खरेदी तीन लाख मिळून एकूण आकडा १६ लाख ८९ हजार ७५० रुपयांवर जातो. उतारवयाचा खर्च पळत्या सहा वर्षांवर वाटला, तर वर्षाचा बोजा दोन लाखांवरून सुमारे दोन लाख ८० हजारांवर जातो. वीस यात्रांच्या हिशेबात गाड्याने दर वेळी ४० हजारांऐवजी सुमारे ५६ हजार जिंकले पाहिजेत. असे सातत्य कोणताही गाडा दाखवू शकत नाही.

बहुतेक मालक खरेदीच्या वेळी हा रकाना मोकळा सोडतात. बैल तरुण असतो, गुलाल डोळ्यांसमोर असतो, आणि दहा वर्षांनंतरचा गोठा कोणाला दिसत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वीच काही गोष्टी ठरवून टाकणे शहाणपणाचे असते. बैलाच्या कानातील बारा अंकी बिल्ला आणि त्याची नोंद तपासावी. दात जुळलेले असल्यास वयाबाबत पशुवैद्यकाचे मत घ्यावे. विमा घेताना शर्यतीतील इजा त्यात धरली आहे की नाही, हे अटी वाचून पाहावे. अनेक मित्रांनी मिळून बैल घेतला असेल तर पळत्या काळातील बक्षिसाची वाटणी लिहिली जाते. तशी उतारवयातील वैरणीची वाटणीही लिहावी. कर्ज काढून घेतलेला बैल मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. बँकेचा हप्ता ठरलेला असतो, घाटाचा निकाल ठरलेला नसतो.

मग परवडते काय?

पैशाच्या हिशेबात शर्यतीचा बैल परवडत नाही, हे उत्तर स्पष्ट आहे. तरीही या तालुक्यांतील माणसे बैल बाळगतात, आणि त्यांना केवळ अविचारी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ज्या शेतकऱ्याचे कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव त्याच्या हातात नसतात, त्याला वर्षातून काही वेळा स्वतःच्या निगराणीचे फळ घड्याळावर दिसते. गावाच्या नावाने ध्वनिक्षेपकावर त्याच्या गाड्याचा पुकारा होतो. देवाला बोललेला नवस फेडला जातो. या गोष्टींना बाजारभाव नाही, पण माणसे त्यांसाठी खर्च करतात. शहरातला माणूसही दुसऱ्या स्वरूपात तोच खर्च करतो.

एक सार्वजनिक लाभही आहे. खिलार ही राज्याच्या देशी गोधनातील महत्त्वाची जात. शेतात तिचे काम उरलेले नाही आणि दुधाच्या स्पर्धेत ती संकरित गायीपुढे टिकत नाही. अशा स्थितीत जातिवंत खोंडाला चांगली किंमत मिळते ती मुख्यतः शर्यतीमुळे. ती किंमत आहे म्हणून दुष्काळी पट्ट्यातील शेतकरी खिलार गाय दावणीला ठेवतो. घटनापीठापुढे हा मुद्दा मांडला गेला होता आणि त्यात तथ्य आहे. मात्र जातीचे जतन हे केवळ वेगवान बैलाच्या जतनाने होत नाही. गाय, वासरू आणि म्हातारा बैल हे तिघेही जगले तरच जात जगते.

म्हणून शर्यतीच्या बैलाविषयीचा खरा प्रश्न त्याच्या तरुणपणीच्या किमतीचा नाही. तो नऊ वर्षांचा झाल्यावर त्याच्या पुढील वैरणीची तरतूद आहे काय, हा आहे. ज्याच्याकडे ती आहे त्याला ही हौस महाग पडली तरी झेपते. त्याच्या गोठ्यात घाट गाजवलेला बैल भाद्रपदातील पोळ्याला शिंगे रंगवून उभा राहतो आणि त्याच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य येतो. ज्याच्याकडे ती नाही, त्याने घाटाच्या कडेला उभे राहून दुसऱ्याचा गाडा पाहावा. त्यात आनंद कमी नसतो आणि खर्चही काही नसतो.